पालकाची सही

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी मला पुन्हा एक वर्ग मिळाला, आणि तो दारुड्यांचा होता. राजाजीनगरच्या मार्केटात मी दोडके निवडत होते. मागून कुणीतरी "नमस्ते, मिस" म्हणालं. वळून बघते तर वाहतूक पोलीस. मी बत्तीस वर्षं कन्नड शाळेत गणित शिकवलं, आणि हा माझ्या नववीच्या वर्गातला, शेवटच्या बाकावरचा. बीजगणित त्याच्या डोक्यात कधी शिरलं नाही, पण आता तो इन्स्पेक्टर झाला होता आणि माझ्या हातातली पिशवी घ्यायला धावला. चहाच्या टपरीवर त्याने विषय काढला.

काम असं होतं. दारू पिऊन गाडी चालवताना माणूस पहिल्यांदा सापडला की बहुतेक वेळा कोर्टात दंड भरतो, काही महिने लायसन्सला मुकतो आणि सुटतो. दुसऱ्यांदा सापडला की कायदा डोळे वटारतो: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. अशा दुसऱ्या खेपेच्या मंडळींना कोर्टाच्या तारखेआधी दिवसभर वर्गात बसवायचं, आणि वर्ग पुरा केल्याचा दाखला न्यायाधीशांसमोर ठेवायचा, असं त्याने एका स्वयंसेवी संस्थेबरोबर ठरवलं होतं. दाखला असला तर कैद टळण्याची आशा असे.

"पोलिसांना ते घाबरत नाहीत, मिस," तो म्हणाला. "तुम्हाला मी अजून घाबरतो."

अशी स्तुती ऐकल्यावर कोण नाही म्हणणार? महिन्यातून एका रविवारी राजाजीनगरच्या एका शाळेत माझा वर्ग सुरू झाला. पाचवीच्या बाकांवर चाळीस-चाळीस वर्षांचे बाप्ये गुडघे छातीला लावून बसत. मी हजेरी घेई, उशिरा येणाऱ्याला दारात उभं करी, मोबाईल जप्त करी. पुण्याहून इथे नोकरीला आलेला एक सॉफ्टवेअरवाला मराठी ऐकून खुलला आणि म्हणाला, "मॅम, टेक्निकली मी फक्त बिअर घेतली होती." त्याला मी तासभर टेक्निकली उभं ठेवलं.

माझी स्वतःची भर म्हणजे पालकाची सही. शाळेत प्रगतिपुस्तकावर असते तशीच. मी कन्नडमध्ये एक कागद तयार केला. आमच्या घरातला माणूस दारू पिऊन गाडी चालवताना दुसऱ्यांदा पकडला गेला आहे, हे मला माहीत आहे. याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मला माहीत आहे. प्यायल्यावर त्याच्या हाती मी किल्ली देणार नाही. हे सगळं मी वाचलं आहे. खाली घरच्या माणसाची सही. इन्स्पेक्टरने तो कागद शहरातल्या इतर वर्गांनाही लावला. न वाचता केलेली सही चालणार नाही, तसं आढळलं तर कागद रद्द आणि पुढच्या वर्गाला पुन्हा हजर, हा नियमही माझाच. तिघांना मी असं परत पाठवलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता.

वर्गात माझं एक ठरलेलं वाक्य असे. फळ्यावर हात आपटून मी म्हणायची, "घरच्यांना माहीत नव्हतं असं कधी होत नाही. एकतर त्यांना माहीत असतं, नाहीतर त्यांना माहीत करून घ्यायचं नसतं." वाक्य चांगलं होतं. ते ऐकून माणसं माना खाली घालत.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. ह्यांना निवृत्तीला एक वर्ष राहिलंय. बोम्मसंद्र्याला यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मॅनेजर आहेत. माणूस शांत, टापटिपीचा, घरातले सगळे कागद त्यांच्याकडे. बँक, विमा, गॅस, टॅक्स, काहीही असो, ते पेन्सिलीने बारीकशी फुली मारतात आणि म्हणतात, "अगं, इथे स्वल्प सही कर." मी कणकेचे हात पुसते आणि फुलीवर सही करते. संसाराची इतकी वर्षं हे असंच चाललंय. आमच्या घराण्यात बायका शिकल्या, नोकऱ्या केल्या, पण कागद मात्र पुरुषांनी बघायचे, हे शिवाजीमहाराजांच्या वडिलांबरोबर इकडे आलो तेव्हापासून तसंच राहिलंय.

बोम्मसंद्र्यापर्यंत मेट्रो सुरू झाली त्यानंतर थोड्याच दिवसांत ह्यांनी एकदम गाडी सोडली. म्हणाले, शहराची हवा खराब झालीय, प्रत्येकाने काहीतरी करायला हवं. गाडी सर्व्हिसिंगला टाकली ती बरेच दिवस तिकडेच राहिली. सहा महिने हा माणूस मेट्रोने गेला, मेट्रोने आला. माझ्या आनंदाला पारावार नव्हता. हळदीकुंकवाला मी हे सगळ्यांना सांगितलं. त्याचा परिणाम म्हणून आमच्या गल्लीतल्या चार नवऱ्यांना सक्तीने मेट्रो धरावी लागली, त्यातल्या एकाची तर पाठ धरली. इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक सभेत ह्यांना पर्यावरणासाठी शाल आणि नारळ मिळाला. ह्यांनी तो नारळ ज्या चेहऱ्याने घेतला तो चेहरा मी विनय समजले. सहा महिन्यांनी गुडघे दुखतात म्हणून गाडी पुन्हा सुरू झाली, तेव्हा मला वाईटच वाटलं होतं.

त्या शनिवारी हे सकाळी सात वाजता निघाले. कारखान्यात जादा काम आहे, म्हणाले. मी चित्रान्नाचा, म्हणजे इकडच्या फोडणीच्या भाताचा, डबा भरून दिला. साडेसातला इन्स्पेक्टरचा फोन आला. के. आर. पुरमला शनिवारचा वर्ग घेणाऱ्या बाई तापाने पडल्या होत्या, मी जाईन का? उरलेलं चित्रान्न दुसऱ्या डब्यात भरून मी मेट्रोत बसले. आमचे हे आपल्या भागात कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाचा वर्ग निवडून बसले असतील, असं माझ्या स्वप्नातही आलं नाही.

एकोणीस जण होते. टेबलावर कागदांचा गठ्ठा आणि यादी. शेवटच्या बाकावर एक माणूस वाकून बुटाची नाडी बांधत होता, म्हणून त्याचा चेहरा दिसला नाही. मी हजेरी सुरू केली. नाव घ्यायचं, कागद बघायचा, सही तपासायची, पुढे जायचं.

चौथ्या नंबरला अडले. टेम्पो चालवणारा होता. त्याच्या कागदावर अंगठा. त्याची बायको बरोबरच आली होती, दारात उभी होती. मी तिला आत बोलावलं आणि विचारलं, "यावर काय लिहिलंय?"

"माहीत नाही, मिस. हे म्हणाले अंगठा लाव, मी लावला."

"न वाचता?"

"वाचता येत नाही मला."

"मग वाचून घ्यायचं कुणाकडून तरी. कुणीही कागद पुढे केला की अंगठा लावाल? उद्या घर लिहून घेतलं तर?"

ती म्हणाली, "सोमवारी तारीख आहे, मिस. दाखला नाही मिळाला तर आत टाकतील." मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. लाल पेनाने कागदावर आडवी रेघ मारली आणि दोघांना बाहेर काढलं. ती व्हरांड्यात खिडकीपाशी जाऊन बसली. तिचा नवरा खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला. मला स्वतःचं कौतुक वाटलं, हे इथे कबूल करते.

मग अकरावा नंबर. नाव डोळ्यांसमोर होतं, पण ओठांवर येईना. आधी वाटलं, एका नावाची दोन माणसं असतात. मग कागद बघितला. तळाशी पेन्सिलीची बारीक फुली, आणि फुलीवर माझी सही. शेवटच्या अक्षराला शेपटी असलेली, बत्तीस वर्षं प्रगतिपुस्तकांवर केलेली. मजकूर माझा, सही माझी. वर सोमवारची कोर्टाची तारीख आणि पहिल्या गुन्ह्याचा महिना लिहिला होता, आणि तो ह्यांना शहराच्या हवेची काळजी वाटू लागली तोच महिना होता.

मी मान वर केली. शेवटच्या बाकावरचा माणूस अजून नाडी बांधत होता. त्याच्या पायात सँडल होत्या.

"नंबर अकरा," मी म्हटलं.

पुढच्या बाकावरचा कॅबवाला आगाऊ होता. म्हणाला, "मिस, सगळ्यांची नावं घेतलीत, त्यांचं का नाही?"

नवऱ्याचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं, मग बारशाला एकदा, आणि मंगळागौरीला बायकांनी दार अडवलं तेव्हा. एरवी 'अहो' पुरतं. ते नाव आडनावासकट, उखाण्याशिवाय, दारुड्यांच्या हजेरीत घ्यायची वेळ येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी नाव घेतलं.

शेवटच्या बाकावर आमचे हे उठले, एकोणसाठ वर्षांचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले, आणि म्हणाले, "प्रेझेंट, मिस."

कागद मी डस्टरखाली सरकवला. त्यावर रेघ मारली नाही, हेही कबूल करते. रेघ मारली तर हे सोमवारी दाखल्याशिवाय कोर्टात उभे राहणार, आणि निवृत्तीच्या वर्षात ह्यांना कैद झाली तर नोकरीचं काय, लोक काय म्हणतील, हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं. खिडकीबाहेरच्या बाईच्या वेळी यातलं काहीच आलं नव्हतं.

सकाळचा तास मी कसा घेतला ते मला आठवत नाही. फळ्यावर दारू रक्तात किती वेळ राहते ते काढलं आणि तीनदा चुकले. आतून नुसता संताप उसळत होता, आणि संतापाच्या खाली भीती होती. कारखान्यात कुणाचा निरोप समारंभ असला की दुपारी जेवण असे, बायकांनाही बोलावणं असे. परतताना मी पुढच्या सीटवर गाढ झोपत असे. ऊन, पोटभर जेवण, आणि शेजारी आपला शांत, टापटिपीचा माणूस गाडी चालवतोय. गेल्या वेळी नात माझ्या मांडीवर होती. ते आठवलं आणि हातातला खडू मोडला.

भाषणाच्या ओघात मी माझ्या त्या वाक्यापाशी आले. फळ्यावर हात आपटला, "घरच्यांना" म्हटलं, आणि थांबले. एकोणीस माणसं वाट बघत होती, खिडकीबाहेरचा टेम्पोवाला तर सगळ्यांपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी मी म्हटलं, "जेवणाची सुट्टी."

सुट्टीत सगळ्यांनी वर्गातच डबे उघडले. मी टेबलावर माझा उघडला. कॅबवाला पाणी प्यायला मागे गेला होता, तो तिथूनच म्हणाला, "मिस, अंकलच्या डब्यातपण सेम चित्रान्न आहे." मग जवळ येऊन त्याने माझ्या डब्यात डोकावलं. तेच शेंगदाणे, कडेला लोणच्याची तशीच फोड. दोन्ही डबे आमच्या लग्नात मामांनी दिलेल्या संचातले, झाकणांवर एकच नाव कोरलेलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? माझ्या बत्तीस वर्षांत कुठलाच वर्ग इतका शांत बसला नव्हता.

"माझे मिस्टर आहेत," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्याकडे मी जसं बघितलं होतं तसंच ते सगळे माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात व्हरांड्यातली बाई दारात येऊन उभी राहिली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"अक्का," ती म्हणाली. सकाळी मी मिस होते. "मग तुम्ही वाचला होता का तो कागद?"

ह्यांनी शेवटच्या बाकावरून उत्तर द्यायला तोंड उघडलं. मी हात वर केला, तसे ते गप्प बसले.

"नाही," मी म्हटलं. "मला वाचता येतं. कागद मीच लिहिलाय. आणि मी न वाचता सही केली."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. डस्टरखालचा कागद काढला आणि लाल पेनाने त्यावर आडवी रेघ मारली. हे उभे राहून म्हणाले, "अगं, सोमवारी तारीख आहे." मी म्हटलं, "त्यांचीही आहे."

मग दोन कोरे कागद काढले. त्या बाईला माझ्या शेजारी खुर्चीवर बसवलं, टेम्पोवाल्याला आणि ह्यांना समोर उभं केलं आणि मजकूर मोठ्याने वाचला, एकेक ओळ, हुकुमासारखा नाही, पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा. खरं तर पहिल्यांदाच वाचत होते. 'दुसऱ्यांदा' या शब्दावर ती बाई थांबा म्हणाली. तिला एकदाचंच माहीत होतं. तिने नवऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पहिल्या वेळी टेम्पो बिघडलाय म्हणून सांगितलं होतंस, ते हेच का?" त्याने होय म्हणून मान हलवली. मी ह्यांच्याकडे बघितलं. "तुमची हवा," मी मराठीत म्हटलं, "आणि तुमचा नारळ."

"सरी," ह्यांनी कन्नडमध्येच म्हटलं, म्हणजे बरोबर आहे. चुकलो, असं पुढे म्हणाले, पण इतक्या हळू की ते मलाच ऐकू आलं. मला त्या क्षणी त्या माणसाची दया आली नाही. घरी गेल्यावर आली, तीही थोडीच.

अंगठा लावायला मी शाईचं पॅड पुढे केलं, तर बाईने हात मागे घेतला. म्हणाली, "त्यात किल्ली देणार नाही असं लिहिलंय ना? मग आधी किल्ली माझ्याकडे पाहिजे. नसलेली किल्ली मी कशी देणार नाही?" टेम्पोवाल्याने खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. तिने ती पदराच्या टोकाला बांधली, गाठ ओढून बघितली, आणि मग अंगठा लावला.

इतकी वर्षं गणित शिकवलं, पण कागद लिहिताना ही पायरी मला सुचली नव्हती. मी ह्यांच्यापुढे हात केला. गाडीची किल्ली त्यांनी दिली. पाकिटात दुसरी आहे तीही, मी म्हटलं. तीही दिली. मग मी सही केली, फुलीशिवाय.

दुपारचा तास दोघांनी पुरा बसून केला. टेम्पोवाल्याने प्रश्नसुद्धा विचारले. नवऱ्याच्या दाखल्यावर मात्र मी सही करणार नव्हते. इन्स्पेक्टरला फोन करून बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली आणि दोन्ही दाखले घेऊन सह्या करायला बसला. "वाचून कर," मी म्हटलं. त्याने वाचून केल्या.

सोमवारी मीही कोर्टात गेले. आमचा नंबर आला तेव्हा न्यायाधीशांनी दाखला बघितला, ह्यांच्याकडे बघितलं, आणि विचारलं, घरच्यांना माहीत आहे का. मी उभी राहिले आणि शनिवारपासून माहीत आहे, असं सांगितलं. शिक्षा अशी झाली: दंड, लायसन्स बंद, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे न्यायाधीश संध्याकाळी उठून घरी जाईपर्यंत आरोपीने तिथेच कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहायचं. ऐकायला गमतीशीर वाटतं, पण कागदोपत्री ती कैदच. टेम्पोवाल्यालाही तीच झाली.

दोघे बाकावर जाऊन बसले. पंखा डोक्यावर होता, पण तो फिरत नव्हता. टेम्पोवाल्याची बायको त्याच्या शेजारी बसली होती, पदराची गाठ मुठीत धरून. मी ह्यांच्या शेजारी गेले. ह्यांनी रुमालाने माझ्यासाठी बाक पुसला, मग मी बसले. शेजारी बसायची मला सवय होती. झोप मात्र लागणार नव्हती.

दुपारी कोर्टातला कॉन्स्टेबल जवळ आला. माझे पांढरे केस बघून त्याला वाईट वाटलं असावं.

"अम्मा, शिक्षा त्यांना आहे," तो म्हणाला. "तुम्ही घरी गेलात तरी चालेल."

"पहिली सही माझी होती," मी म्हटलं, आणि कोर्ट उठेपर्यंत बसले.